स्लीव्ह की बायपास : इतवारीतील एका कापड व्यापाऱ्याचे प्रकरण

तीव्र स्थूलतेवरील शस्त्रक्रियेविषयी गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याचा रोख हळूहळू बदलत गेला आहे. शस्त्रक्रियेने वजन उतरते का, आणि उतरते तर किती, हा प्रश्न आता बहुतांशी सुटला आहे. कोणत्या माणसाला कोणती शस्त्रक्रिया मानवेल, तिचा परिणाम दहा वर्षांनंतर किती शिल्लक राहील आणि वजन परत चढू लागले तर औषधांची जोड कशी द्यायची, हे प्रश्न मात्र अजून खुले आहेत. पुढील प्रकरणात हे तिन्ही प्रश्न एकाच रुग्णाच्या निमित्ताने उभे राहिले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. उपचार करणाऱ्या चमूत मी फिजिशियन म्हणून काम पाहिले. शस्त्रक्रिया माझ्या हातची नव्हे, त्यामुळे तिच्या तंत्राबद्दल मोजकेच लिहीन आणि निवड व पाठपुरावा यांवर अधिक थांबेन.

रुग्ण

४६ वर्षांचे हे गृहस्थ नागपूरच्या इतवारीत कापडाचे दुकान चालवतात. जून २०२२ मध्ये ते धंतोलीतील आमच्या रुग्णालयात पत्नी आणि थोरल्या भावासह आले, तेव्हा त्यांचे वजन १२१ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर होती; म्हणजे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ४२.९. मधुमेह ९ वर्षांपासून होता. आधीच्या दोन वर्षांपासून गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन सुरू झाले होते आणि दिवसाला ४४ युनिट घेऊनही एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा निर्देशांक, ९.१ टक्के होता. रक्तदाबासाठी दोन औषधे चालू होती, त्यांपैकी एकात लघवी वाढवणारा घटक होता. पत्नीच्या सांगण्याप्रमाणे ते झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकून उठत. निद्राचाचणीत तासाला सरासरी ४६ वेळा श्वास अडत असल्याचे दिसले. ३० च्या वरचा आकडा तीव्र समजला जातो.

दिनक्रम इतवारीतल्या पुष्कळ दुकानदारांचा असतो तसाच होता. सकाळी दुकान उघडण्याआधी तर्री-पोहे, दिवसभर गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा, दुपारचे जेवण कधी तीनला तर कधी नाहीच, आणि रात्री साडेदहा-अकराला पोटभर जेवून लगेच झोप. वजन कमी करण्याचे प्रयत्न त्यांनी अनेकदा केले होते आणि दोनदा १०-१२ किलो उतरवलेही होते, पण दरवेळी वर्षाच्या आत ते सव्याज परत आले. आळशी किंवा निश्चयाचा कच्चा म्हणून अशा रुग्णाची बोळवण करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण शरीरशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. वजन घटले की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, तृप्तीची संप्रेरके घटतात, विश्रांतीतील ऊर्जाखर्चही कमी होतो, आणि ही ओढ आहार सुटल्यावर पुष्कळ काळ टिकून राहते.

पहिल्याच भेटीत त्यांनी मागणी स्पष्ट केली : "आमच्या साळ्याचं झालं, तेच करून द्या न जी, डॉक्टरसाहेब." त्यांच्या मेहुण्याची तीन वर्षांपूर्वी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली होती आणि तो आता बारीक दिसत होता. थोरल्या भावाचे मत अगदी विरुद्ध, की निरोगी जठर कापून टाकणे हा अघोरी उपाय असून गोळ्या-इंजेक्शनांवर भागवावे. पत्नीची अपेक्षा सर्वांत माफक होती : "यांचं घोरणं थांबलं तरी खूप झालं जी."

शस्त्रक्रियेस पात्र कोण

पात्रतेचा प्रश्न या रुग्णापुरता सोपा होता, पण नियम कुठून आले हे पाहणे उपयोगी आहे. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहमती परिषदेने बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर आजार, अशी मर्यादा घातली. तेव्हा शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे आणि धोका बराच होता. पुढे दुर्बिणीचे तंत्र आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लॅब्ज या अमेरिकी अभ्यासात ४,७७६ रुग्णांमध्ये पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आढळले. धोका इतका उतरूनही जुनी मर्यादा तीस वर्षे जागची हलली नाही. आमचा निर्णय चालू असतानाच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन शल्यचिकित्सक संघटनांनी मिळून ती बदलली : बीएमआय ३५ असल्यास सोबतचा आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनच तिचा पर्याय पुढे ठेवावा.

आशियाई लोकांसाठी वेगळी पट्टी का, याचे एक बोलके उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली ही एका पानाची नोंद मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. काट्यावर सारखे असलेले दोन देह आतून किती निराळे असू शकतात, हे तिच्याइतके पटकन दुसरे काही समजावत नाही. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनेही स्थूलतेची रेषा २५ वर आणि शस्त्रक्रियेची रेषा सोबतच्या आजारासह ३२.५ व त्याविना ३७.५ वर आणली होती.

विमा मात्र वैद्यकशास्त्राच्या मागून चालतो. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय किमान १८ आणि बीएमआय ४० किंवा अधिक लागतो. बीएमआय ३५ च्या वर असल्यास हृदयरोग, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार जोडीला असावा लागतो, आणि कमी तीव्र उपाय करून झाल्याची नोंदही लागते. आमच्या रुग्णाचा बीएमआय ४० च्या वर असल्याने अडचण आली नाही. हाच माणूस ३३ बीएमआयचा असता, तर मधुमेह तेवढाच बेलगाम असूनही सगळा खर्च त्याच्या अंगावर पडला असता. मला हे तर्कविसंगत वाटते, कारण डोळे आणि मूत्रपिंडे निकामी होतात ती साखरेमुळे.

कोणती शस्त्रक्रिया

खरी चर्चा इथे झाली आणि ती जवळपास चार महिने चालली.

मेहुण्यावर झालेली स्लीव्ह शस्त्रक्रिया आज जगभर आणि भारतातही सर्वाधिक केली जाते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि केळीच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. गंमत अशी की ती स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून जन्मलीच नाही. अतिशय वजनदार रुग्णांना ड्युओडेनल स्विच ही मोठी शस्त्रक्रिया एका बैठकीत सोसत नसे, म्हणून तिचे दोन टप्पे केले, आणि पहिल्या टप्प्यानंतरच अनेकांचे वजन पुरेसे उतरल्याचे दिसले. आतडी जोडावी लागत नाहीत, वेळ कमी लागतो, शिकायला तुलनेने सोपी. त्यामुळे तिने जठराभोवती सैल-घट्ट करता येणारा पट्टा बसवण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेला पार मागे टाकले. बायपासचा इतिहास जुना आहे. आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये ती प्रथम केली. आजच्या रू-एन-वाय पद्धतीत जठराचा सुमारे ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

स्लीव्ह लोकप्रिय झाल्यावर बराच काळ तिची बायपासशी तुलना एका-दोन वर्षांच्या वजनावर होत असे, आणि त्या मापाने दोन्ही जवळपास सारख्या दिसत. जानेवारी २०१८ मध्ये फिनलंडचा स्लीव्हपास आणि स्वित्झर्लंडचा एसएम-बॉस या दोन यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणाऱ्या) चाचण्यांचे पाच वर्षांचे निष्कर्ष एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. वजनातला फरक मोठा नव्हता, बायपास थोडी पुढे होती. पण स्विस चाचणीत छातीतील जळजळ वाढलेल्यांचे प्रमाण स्लीव्हनंतर ३१.८ टक्के आणि बायपासनंतर ६.३ टक्के होते. स्लीव्हपासचा दहा वर्षांचा अहवाल २०२२ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि आमच्या बैठकीत तो टेबलावर होता. दहा वर्षांनी केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह गटात ३१ टक्के, तर बायपास गटात ७ टक्के जणांत आढळला. उरलेले जठर अरुंद नळीसारखे झाल्याने आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकलले जाते, हे त्याचे यांत्रिक कारण. ज्या भीतीदायक बदलाची, म्हणजे आम्लामुळे अस्तर बदलून कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बॅरेट अन्ननलिकेची, सर्वांना धास्ती होती, तो मात्र दोन्ही गटांत सारखाच, ४ टक्के निघाला. स्लीव्हवर सरसकट फुली मारणाऱ्यांनी हा आकडाही वाचावा.

आमच्या रुग्णाला छातीत जळजळ होते का, असे विचारल्यावर त्यांनी आधी नाही म्हटले. नंतर पत्नीने आठवण करून दिली की खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम असते. सावजी रस्सा खाऊन जळजळ होणे हा आजार असू शकतो, ही कल्पनाच त्यांच्या मनात नव्हती. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी लॉस एंजेलिस वर्गीकरणातील 'बी' दर्जाचा (चार पायऱ्यांपैकी दुसरा) दाह आणि ३ सेंटिमीटरचा हायेटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, दिसला. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूही सापडला, त्यावर आधी उपचार केले. शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी प्रत्येकाला करावी की तक्रार असलेल्यांनाच, यावर अजून दुमत आहे. हे प्रकरण पाहिल्यावर मी पहिल्या पक्षात आहे.

दुसरा मुद्दा मधुमेहाचा. १९९५ मध्ये वॉल्टर पोरीज यांनी ६०८ बायपास रुग्णांची जी मालिका प्रसिद्ध केली, तीत मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के जणांची साखर सामान्य झाली होती, आणि विशेष म्हणजे वजन लक्षणीय उतरण्याआधीच, काही दिवसांत. तिथून संशोधनाला नवी दिशा लागली. अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके वाढतात, पित्ताम्लांचा प्रवाह बदलतो, आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदलते. स्लीव्हमध्ये भुकेचे घ्रेलिन संप्रेरक तयार करणारा जठराचा वरचा भागच निघून जातो. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, ही जुनी समजूत त्यामुळे अपुरी ठरली. २०१६ मध्ये अनेक देशांच्या मधुमेह संघटनांनी शस्त्रक्रियेला मधुमेहाच्या उपचारक्रमात अधिकृत स्थान दिले.

पण मधुमेह कायमचा जातो, ही जाहिरातींची भाषा संशोधनाने टिकू दिलेली नाही. नॉर्वेच्या ओसेबर्ग चाचणीत एका वर्षाने मधुमेह शमलेल्यांचे प्रमाण बायपासनंतर ७४ टक्के आणि स्लीव्हनंतर ४८ टक्के होते. क्लीव्हलँडच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली राखणारे बायपास गटात २९, स्लीव्ह गटात २३ आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. रोमच्या मिंग्रोन यांच्या छोट्या पण दीर्घ चाचणीत दहा वर्षांनी बायपास गटातील २५ टक्के रुग्ण शमलेल्या अवस्थेत टिकले. मधुमेह जितका जुना, इन्सुलिन जितके आधीपासून आणि स्वादुपिंडाची शिल्लक जितकी कमी, तितकी शक्यता घटते. आमच्या रुग्णाला ९ वर्षांचा मधुमेह आणि इन्सुलिन होते. स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारे सी-पेप्टाइड मात्र समाधानकारक होते. म्हणून आम्ही त्यांना सांगितले, की इन्सुलिन सुटण्याची शक्यता चांगली आहे, सगळी औषधे सुटण्याची आशा धरू नका. थोरल्या भावाला हे उत्तर आवडले नाही. "मग कापायचं कशाला?" हा त्यांचा सवाल होता.

त्याचे उत्तर आयुर्मानाच्या आकड्यांत आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स अभ्यासात सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले आणि तेवढेच न झालेले रुग्ण दशकानुदशके पाहिले गेले. तो यादृच्छिक नव्हता, कारण त्या काळी शस्त्रक्रियेतील मृत्युदर पाहता तशी परवानगीच मिळाली नसती. २०२० च्या अहवालानुसार शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तुलनागटापेक्षा सुमारे ३ वर्षे जास्त जगले, तरीही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ५.५ वर्षे कमी. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा मानून आम्ही कुटुंबासमोर दोन्ही एकत्र ठेवले.

एक पेचाचा पर्याय उरला होता : एकच जोड असलेला बायपास, ज्याला मिनी बायपास म्हणतात. भारतात त्याचा प्रसार बराच आहे. फ्रान्सच्या योमेगा चाचणीने २०१९ मध्ये दाखवले, की वजन उतरवण्यात तो रू-एन-वायपेक्षा कमी पडत नाही, पण पोषणाशी निगडित गंभीर घटना केवळ त्याच गटात नोंदल्या गेल्या आणि जुलाबही अधिक होते. ज्याची अन्ननलिका आधीच सुजलेली आहे, त्याच्या कप्प्यात पित्त चढण्याची शक्यता ठेवणे आम्हाला पटले नाही. शिवाय आमच्या रुग्णाचे बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आधीच कमी होते, आणि श्रावणात ते अंडीही वर्ज्य करत.

रुग्णाच्या मुलाने तोंडावाटे टाके घालून जठर आकसवण्याच्या एंडोस्कोपिक पद्धतीबद्दल विचारले होते. २०२२ च्या मेरिट चाचणीत तिने वर्षभरात १३.६ टक्के वजन उतरवले होते, पण ४२.९ बीएमआय आणि इन्सुलिनवरील मधुमेह यांसाठी ते अपुरे होते. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाने स्टेप-१ चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घट दिली होती, पण वजनासाठीचे ते साप्ताहिक इंजेक्शन तेव्हा भारतात आलेलेच नव्हते. निर्णय झाला तो हर्नियाच्या दुरुस्तीसह रू-एन-वाय बायपासचा.

शस्त्रक्रिया आणि पहिले वर्ष

दिवाळीच्या हंगामात दुकान बंद ठेवणे कापड व्यापाऱ्याला अशक्य असते, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उभी राहते. ती यंदा मुलाने सांभाळावी असे घरात ठरल्यावर नोव्हेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्याची तारीख निघाली. मधले महिने वाया गेले नाहीत. झोपेत सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, लावण्याची सवय झाली, ज्यामुळे भूल देणे सुरक्षित झाले, आणि शेवटचे दोन आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिल्याने यकृत आकसून दुर्बिणीला वाट मोकळी झाली. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून निर्विघ्न पार पडली. त्याच संध्याकाळी रुग्ण चालले आणि तिसऱ्या दिवशी घरी गेले. इन्सुलिन ४४ युनिटवरून घरी जाताना १० वर आले होते आणि तीन आठवड्यांत बंद झाले.

पाठपुराव्यात सर्वांत जास्त विचार करावा लागला तो नागपूरच्या उन्हाळ्याचा, आणि परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल काही सापडत नाही. बायपासनंतर माणूस एका दमात ग्लासभर पाणी पिऊ शकत नाही. घोट घोट घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुकानात बसणाऱ्याला हे गणित जुळवणे कठीण असते. शिवाय बायपासनंतर लघवीतील ऑक्सलेट वाढून मुतखड्याची प्रवृत्ती बळावते. म्हणून मार्च २०२३ मध्येच रक्तदाबाच्या औषधातील लघवी वाढवणारा घटक आम्ही काढून टाकला. तोवर रक्तदाबही तेवढा उतरला होता. गल्ल्याशेजारी पाण्याची बाटली ठेवून दर १५ मिनिटांनी दोन घोट, अशी शिस्त लावली. फिक्या ताकाची मुभा दिली, रसवंतीच्या उसाच्या रसाला सक्त मनाई केली.

प्रथिनांचे दिवसाचे लक्ष्य ६० ते ८० ग्रॅम होते. अंडी, मूगडाळीचे धिरडे, पनीर आणि ताक यांवर ते बहुतेक दिवस पूर्ण होई, श्रावणात मात्र खाली येई. आहारतज्ज्ञ ताईंनी तिथे सोयाबीनच्या वड्या आणल्या. एवढे सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भात ते ताटात इतके कमी दिसावे, याचे मला नेहमी नवल वाटते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागणार, हे पत्नीला पहिल्या दिवशीच पटले होते. रुग्णाला पटायला एक वर्ष लागले. नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीत संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ल्यावर घाम, धडधड आणि गरगरणे झाले. गोड पदार्थ कप्प्यातून झपाट्याने आतड्यात उतरल्याने होणारा हा डम्पिंगचा प्रकार होता. त्यानंतर मिठाईबद्दल वेगळे काही समजावावे लागले नाही.

एका वर्षाने वजन ८६ किलो आणि एचबीए१सी ६ टक्के होता, तोही केवळ मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीवर. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार औषधे बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिला, तरच मधुमेह शमला असे म्हणतात. त्या कसोटीवर हा रुग्ण उतरत नाही. पण इन्सुलिन गेले, सीपॅप यंत्र निद्राचाचणी पुन्हा करून बंद करता आले, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सुटल्या. व्याख्येत न बसणारे असे यश संशोधनाच्या तक्त्यांत नीट मोजले जात नाही. रुग्णाला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते, याचे मोजमाप चाचण्यांत अलीकडे वाढू लागले आहे ते यासाठीच.

वजन परत चढले तेव्हा

फेब्रुवारी २०२४ मध्ये वजन सर्वांत कमी, ८३ किलो होते. त्यानंतर दोन तपासण्या चुकल्या. जुलै २०२५ मध्ये ते आले तेव्हा ९१ किलो भरले, म्हणजे उतरलेल्या ३८ किलोंपैकी ८ परत आले होते, आणि एचबीए१सी ७.२ टक्के झाला होता. कुटुंबात शस्त्रक्रिया फसल्याची भाषा सुरू झाली होती. वास्तविक स्वीडिश अभ्यासातही बायपास रुग्णांची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के होती, ती दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावली. आमचा रुग्ण मूळ वजनापेक्षा अजूनही सुमारे २५ टक्के खाली होता. काळजीची गोष्ट इतकीच की ही पातळी त्याने तिसऱ्याच वर्षी गाठली होती.

एंडोस्कोपीत कप्पा आणि जोड दोन्ही व्यवस्थित दिसले, त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय तिथेच संपला. आहाराच्या नोंदीत गोड चहा दिवसाला सहा कपांवर परतल्याचे आणि रात्रीचे जेवण पुन्हा अकराला गेल्याचे दिसले. ते सुधारायला घेतले, पण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नसलेली रात्रीची भूक परत आल्याचे रुग्ण वारंवार सांगत होते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून निव्वळ उपदेश देणे आम्हाला योग्य वाटले नाही.

औषधे आणि शस्त्रक्रिया एकमेकांचे पर्याय की जोडीदार, हा सध्याच्या संशोधनातला सर्वांत चुरशीचा विषय आहे. टिर्झेपाटाइड या साप्ताहिक इंजेक्शनाने सर्माउंट-१ चाचणीत सर्वोच्च मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरवले, म्हणजे औषधे शस्त्रक्रियेच्या शेजारी येऊन बसली. त्याच औषधाच्या सर्माउंट-४ चाचणीत ३६ आठवड्यांनी इंजेक्शन थांबवलेल्यांचे वजन पुढील वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या औषधांची यादृच्छिक चाचण्यांतली साक्ष मुख्यतः लिराग्लुटाइड या याच प्रकारच्या जुन्या औषधाची आहे : २०१९ च्या ग्रॅव्हिटास चाचणीत साखर आणि वजन दोन्ही घटले, तर २०२३ च्या बारी-ऑप्टिमाइजमध्ये २४ आठवड्यांत औषध गटाचे वजन ८.८ टक्के आणि प्लासिबो (औषधाविना दिखाऊ इंजेक्शन) गटाचे ०.५ टक्के उतरले. टिर्झेपाटाइडबद्दल शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये बहुतांशी निरीक्षणात्मक माहितीच हाताशी होती, आणि ती मर्यादा आम्ही रुग्णाला सांगितली.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड भारतात आले, तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक धरली तर महिन्याला १७,५०० रुपये, तेही विम्याबाहेर. व्यापारी माणसाने हिशेब लगेच केला आणि विचारले, की किती वर्षे? कोणत्याही चाचणीकडे याचे उत्तर नाही. आम्ही सहा महिन्यांचा करार केला : कमी मात्रेने सुरुवात, ५ मिलिग्रॅमच्या वर न जाणे, दर दोन महिन्यांनी वजनाबरोबर हाताच्या पकडीची ताकद मोजणे, आणि प्रथिने ६० ग्रॅमच्या खाली गेली तर औषध थांबवणे. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण बायपासमुळे आधीच कमी खाणाऱ्याची भूक औषधाने आणखी मारली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये औषध सुरू झाले. पहिल्या महिन्यात मळमळ झाली, ती पुढे ओसरली. लग्नसराईत दोन इंजेक्शने चुकली. फेब्रुवारी २०२६ मध्ये वजन ८५ किलो, एचबीए१सी ६.४ टक्के आणि पकडीची ताकद पूर्वीइतकीच होती. आता मात्रा न वाढवता दोन इंजेक्शनांतले अंतर दहा दिवसांवर नेऊन जूनपर्यंत पाहायचे ठरले आहे. वजन ८८ च्या वर गेले तर पुन्हा साप्ताहिक, न गेले तर आणखी विरळ. अंतर वाढवण्याला चाचण्यांचा आधार नाही. ती आमची आणि रुग्णाच्या खिशाची तडजोड आहे, अशी नोंद कागदपत्रांत तशीच केली आहे. याच तपासणीत शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन १४ वर आलेले दिसले. तोंडावाटे घेतलेले लोह बायपासनंतर नीट शोषले जात नसल्याने ते शिरेतून देण्यासाठी रुग्णाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोलावले आहे.